शाळेतल्या सतरा रात्री

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला होता, ‘शाळेनं मला काय दिलं’. वेळ पंधरा मिनिटं. माझ्या आधी चौघं बोलले. कुणाला शाळेनं शिस्त दिली, कुणाला गणिताची गोडी दिली, एकाला बायकोही इथंच मिळाली. टाळ्या पडल्या, त्या योग्यच होत्या. माझं उत्तर जरा वेगळं आहे. शाळेनं मला राहायला जागा दिली.

हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही. नववीत असताना, १९९३ च्या पावसाळ्यात, मी सतरा रात्री या शाळेत झोपले. माझ्याबरोबर आई, बाबा, आजी आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ. तुमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. माहीत होऊ नये म्हणून मी फार खटपट केली होती. आज सांगतेय, कारण ज्या तिघांची परवानगी घ्यायला हवी होती त्यांतल्या आईची आणि शिपाईमामांची मी घेतली आहे. तिसऱ्या, आपल्या मोठ्या बाई, आता नाहीत. पण त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, “सांग की. त्यात लाजायचं काय?”

आम्ही पेठेतल्या एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहत होतो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, लाकडी जिना, खाली चौकात सामाईक नळ. तुमच्यातल्या निम्म्यांनी असे वाडे पाहिले आहेत, काहीजण त्यांतच वाढले आहेत. भाडं महिना चाळीस रुपये. एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नव्हते, आणि एवढ्या भाड्याची दुसरी जागा मिळणार नाही म्हणून भाडेकरू हलत नव्हते. एकदा ताबा सोडला की हक्कही गेला, ही भीती प्रत्येकाच्या मनात. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आमच्याही दारावर लागायची. बाबा ती घडी घालून देवामागं ठेवायचे.

जुलैच्या शेवटी, चार दिवसांच्या संततधारेनंतर, संध्याकाळी मागची भिंत खाली आली. आजी देवळात होती, आई नळावर, बाबा कामावर, भाऊ शेजारी. मी जिन्यात होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अग्निशमन दलाचे लोक आले आणि म्हणाले, आज रात्री इथं कुणीही थांबायचं नाही. आम्ही दोन ट्रंका, स्टोव्ह, अंथरुणाची वळकटी आणि माझं दप्तर घेऊन खाली उतरलो. ती रात्र मारुतीच्या देवळाच्या मंडपात काढली. त्यानंतरच्या चार रात्री काकांकडे. काकांची चाळीतली एक खोली, त्यांची चार माणसं, आमची पाच. काका-काकू मनानं चांगले होते, पण नऊ माणसं आणि एक मोरी म्हटल्यावर चौथ्या दिवशी भांड्यांचे आवाज वाढतात. आपण नको झालोय हे आजीला सगळ्यांत आधी कळलं.

मग ठरलं असं की आजी, मी आणि भाऊ गावी जायचं. आई-बाबा पुण्यात कुठंतरी राहून जागा शोधतील. गावी जायचं म्हणजे माझी शाळा सुटणार. आई माझा दाखला मागायला शाळेत आली.

मंडळी, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग मुलाखतीत घडला नाही की परदेशातही नाही. तो मोठ्या बाईंच्या खोलीत घडला, आणि मी तेव्हा दाराबाहेर उभी होते. आईनं अर्ज पुढं केला. बाईंनी तो वाचला, सही केली नाही, आणि एकच शब्द विचारला, “का?”

आईनं आधी सांगितलं, सासूबाईंची तब्येत बरी नसते. बाई गप्प राहिल्या. मग आई रडायला लागली आणि सगळं सांगून टाकलं.

चित्रकलेच्या वर्गामागं एक खोली होती, आठवतेय? मोडकी बाकं, फाटके नकाशे, संमेलनाचे पडदे ठेवायची ती. बाईंनी त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खोली मामांकडून रिकामी करून घेतली. दहा बाय बारा असेल. अटी सांगितल्या. सकाळी साडेसहाच्या आत अंथरुणं आवरलेली हवीत. संध्याकाळी सहानंतर यायचं. शाळेत चूल पेटवायची नाही, स्वयंपाक मामांच्या खोलीत मामींबरोबर करायचा. आणि मुदत पंधरा दिवस, तेवढ्यात बाबांनी खोली शोधायची.

रोज संध्याकाळी घरी जाताना बाई त्या खोलीशी थांबायच्या आणि बाबांना विचारायच्या, “आज कुठल्या भागात बघितलंत?” त्यात टोमणा नव्हता. पण रोज विचारणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर बाबा रोज बाहेर पडायचे. एरवी ते खचून बसले असते, असं आई आजही म्हणते.

धनकवडीला खोली मिळाली, पण अनामत तीन हजार रुपये. बाबांकडे तेवढे नव्हते. ते बाईंनी स्वतःच्या बचतीतून दिले. बाबांनी महिना दीडशे रुपयांप्रमाणे वीस महिन्यांत फेडले. आमचा दहावीचा निकाल लागेपर्यंत तो हिशेब पुरा झाला होता. पंधरा दिवसांचे सतरा झाले. १४ ऑगस्टला संध्याकाळी आम्ही सामान हलवलं आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला मी पहिल्यांदाच पीएमटीच्या बसनं आले. उशिरा. त्यानंतर दहावी संपेपर्यंत मी उशिराच येत राहिले आणि तुम्ही मला ‘लेटलतिफा’ म्हणायला लागलात. बसचं कारण मी कधी सांगितलं नाही.

पण त्या सतरा दिवसांत मी वर्गात सगळ्यांच्या आधी हजर असायचे. एकदा धो धो पाऊस होता, सगळेजण भिजून आले होते आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, “तुझा युनिफॉर्म कोरडा कसा गं?” मी म्हटलं, “बाबांनी रिक्षानं सोडलं.” ती आज इथं बसली आहे. बाई गं, एकतीस वर्षांनी सांगते, रिक्षा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली आठवण, छान आहे, पण हिला एवढं काय बोलायचंय? सांगते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, काही वर्षं इंग्लंडात प्रोजेक्टवर होते, मग परत पुण्यात. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका उपक्रमातून मी शहरातल्या एका बेघर निवारा केंद्रात पहिल्यांदा गेले. आम्ही सहाजण लॅपटॉप घेऊन गेलो होतो. कोणत्या केंद्रात किती खाटा रिकाम्या आहेत हे दाखवणारं अ‍ॅप करायची आमची कल्पना होती. केंद्राच्या व्यवस्थापक ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, अ‍ॅप नंतर बघू. आधी मला चार पडदे आणि कड्या मिळवून द्या.”

तेव्हा मला ती चित्रकलेच्या वर्गामागची खोली आठवली. तिच्या दाराला आतून कडी होती. बाबा रोज रात्री ती लावायचे आणि मग आजी म्हणायची, “चला, घर झालं.”

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुलाखाली झोपलेला एकटा माणूस येतो. दाढी वाढलेला, बहुधा व्यसनी. पण २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली, तेव्हा सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं उघड्यावर सापडली. आपल्या महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त. फूटपाथ, फलाट, पुलाखालची जागा, देवळांचे मंडप, मोठे पाइप, असल्या ठिकाणी राहणाऱ्यांची ही मोजणी. त्यांत जवळजवळ साडेचार लाख कुटुंबं होती. एका रात्रीत मोजलेला आकडा आहे, तेव्हा नजरेतून सुटलेले किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आम्ही त्या मारुतीच्या मंडपात होतो त्या रात्री मोजणी झाली असती, तर आम्ही पाचजण त्यात आलो असतो. काकांच्या खोलीत असताना आलो नसतो. तेव्हाही आम्ही तितकेच बेघर होतो.

कायदा काय म्हणतो हेही थोडक्यात सांगते. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत फूटपाथवरच्या लोकांना हटवायची मोहीम झाली. त्यावरचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्यात जन्मलेले. न्यायालयानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. लोकांना हटवता येणारच नाही असं मात्र म्हटलं नाही. पण पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका असं बजावलं. पावसात माणसाला बाहेर काढणं म्हणजे काय, हे त्या निकालाला कळलं होतं असं मला वाटतं.

पुढं २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत ऐन थंडीत एक तात्पुरता रात्र निवारा पाडला गेला आणि तिथल्या लोकांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं, तेही अन्नाच्या हक्काच्या याचिकेत. दर एक लाख लोकवस्तीमागं शंभर माणसांची सोय होईल एवढा निवारा, चोवीस तास आणि बाराही महिने उघडा, हे माप तिथून आलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं, त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. तिच्या नियमांत दर माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, अंथरूण-पांघरूण, सामान ठेवायला कुलपाची सोय, स्वयंपाकाची जागा, एवढंच नव्हे तर रेशन, ओळखपत्र आणि मुलांची शाळा यांची जोडणीसुद्धा आहे. त्या हिशेबानं आमची खोली सपशेल नापास. पाच माणसांना अडीचशे चौरस फूट हवे होते, आम्हाला एकशेवीस मिळाले.

म्हणजे कागद चांगला आहे. अडचण पुढं येते. २०१६ मध्ये न्यायालयानं न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली. राज्यांकडे या कामाचा पैसा न वापरता पडून आहे आणि निवारे मात्र गरजेच्या मानानं फार थोडे आहेत, ही गोष्ट त्या काळात न्यायालयापुढं उघड झाली. आणि जे निवारे आहेत त्यांतले बहुतेक पुरुषांचे, काही बायकांचे. नियमांत कौटुंबिक निवाऱ्याची तरतूद आहे, आडोसा मिळेल अशी वेगळी रचना असावी असंही लिहिलंय. पण एक मोठा हॉल आणि त्यात ओळीनं खाटा टाकणं सोपं असतं. कुटुंबासाठी भिंती लागतात.

याचा परिणाम काय होतो, ते एका कुटुंबावरून सांगते. नाव सांगणार नाही, गावही नाही.

नवरा बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. राहायला साइटवरच पत्र्याची खोली. परातीवरून पडून पाय मोडला. काम गेलं आणि कामाबरोबर खोलीही गेली, कारण साइटवरची खोली कामाला जोडलेली असते. भाड्याच्या खोलीत दोन महिने काढले, उपचारात पैसे संपले, तिसऱ्या महिन्याला घरमालकानं बाहेर काढलं. नवरा, बायको, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी. पोलिसांनी त्यांना एका केंद्राचा पत्ता दिला. तिथं सांगितलं, हे बायकांचं केंद्र आहे, आई आणि मुलगी राहू शकतात. नवऱ्यानं पुरुषांच्या केंद्रात जायचं, ते सहा किलोमीटरवर. आणि मुलगा? बायकांच्या निवाऱ्यात मुलगे ठरावीक वयापर्यंतच चालतात, तेरा वर्षांचा चालत नाही. पुरुषांच्या हॉलमध्ये अनोळखी माणसांत त्याला पाठवायला आई तयार नाही. यात नियम करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. त्या हॉलमध्ये मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकाही झोपतात, त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

पण त्या कुटुंबानं काय केलं? चौघंही उठले आणि एसटी स्टँडवर जाऊन राहिले. एकजण जागा राहायचा, तिघं झोपायची. नऊ रात्री. मुलगा झोपेअभावी शाळेत जाईना, मुलगी आईला सोडेना.

आपण म्हणतो, “सोय करून दिली तरी हे लोक रस्त्यावरच राहतात.” मीही म्हणत होते. आता सांगते, आमच्या आई-बाबांना १९९३ साली कुणी म्हणालं असतं की नवरा एका जागी, बायको दुसऱ्या जागी आणि पोर तिसरीकडे, तर तेही स्टँडवरच गेले असते.

पडदे आणि कड्या मागणाऱ्या त्या ताईंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी आपल्या केंद्रातली सामानाची खोली रिकामी केली. जुन्या गाद्या, फुटलेल्या बादल्या बाहेर काढल्या आणि दाराला कडी बसवली. मी त्या दिवशी तिथं होते. गाद्या उचलताना मला रडू आलं आणि ताईंना वाटलं धुळीची अ‍ॅलर्जी आहे. ते कुटुंब तिथं सव्वीस दिवस राहिलं. मुलगा चौथ्या दिवशी शाळेत गेला. पहिल्या तीन दिवसांत तो नुसता झोपला.

सव्वीस दिवसांनी त्यांना खोली मिळाली, महिना साडेचार हजार भाडं आणि पंधरा हजार अनामत. भाडं बाई घरकामं करून देऊ शकत होती. अडलं होतं ते अनामतीवर. आम्ही ऑफिसातल्या चौघींनी ती उसनी दिली. परत येतेय, थोडी थोडी. मधे दोन महिने आली नाही, मी फोनही केला नाही. मग तिसऱ्या महिन्यात दोन हजार एकदम आले.

या चार वर्षांत मला एवढं समजलं की अडचणीच्या वेळच्या निवाऱ्याला चार गोष्टी लागतात. कुटुंब एकत्र राहिलं पाहिजे. दाराला आतून कडी पाहिजे. मुदत पाहिजे. आणि मुदत संपल्यावर जायला वाट पाहिजे. मोठ्या बाईंनी या चारही गोष्टी कुठलीही योजना न वाचता केल्या होत्या.

मुदत आणि वाट या दोन्ही एकत्र लागतात, हे जरा समजावून सांगते. मुदत नसली तर काय होतं ते मुंबईला विचारा. जुन्या इमारती पडल्या की रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवतात. नावच संक्रमण. तिथं माणसं पंचवीस-तीस वर्षं राहिली आहेत, तिथंच त्यांच्या मुलांची लग्नं झाली आहेत. आणि मुदत आहे पण वाट नाही, तर काय होतं ते मी इंग्लंडात पाहिलं. तिथं बेघर झालेल्या कुटुंबाची, घरात लहान मूल असेल तर, सोय करणं हे स्थानिक कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे. अशा कुटुंबाला सामाईक संडास-स्वयंपाकघर असलेल्या लॉजसारख्या जागेत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, असा नियमही २००४ पासून आहे. नियम उत्तम, पण पुढं द्यायला परवडणारी घरंच नाहीत. त्यामुळं सहा आठवडे उलटून जातात, आणि आज तिथं एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या जागांमध्ये आहेत. श्रीमंत देशाचीही ही अवस्था. म्हणून आपल्याकडच्या लोकांना नुसती नावं ठेवण्यात मला रस नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तुमच्या-माझ्या आजी-आजोबांनी तो दिवस पाहिलेला. हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली आणि कित्येक दिवस पुण्यातल्या शाळांमध्ये राहिली. पुढं गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वाट काढली की निघते. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले होते, तेव्हा त्यांना विचारलं होतं, “बाई, तुम्ही तेव्हा संस्थेची परवानगी घेतली होती का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “पानशेतच्या पुरात आम्ही एका शाळेत दहा रात्री काढल्या. तिथल्या हेडमास्तरांनी कुणाला विचारत बसायचं म्हटलं असतं, तर आम्ही रस्त्यावर असतो.” मग म्हणाल्या, “परवानगी दुसऱ्या दिवशी घेतली. आधी घेतली असती तर मिळाली नसती.”

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच मी उभी राहिले आहे.

आपल्या तुकडीनं शाळेला कमान द्यायचं ठरवलंय. अंदाजखर्च तीन लाख. कमान छान दिसेल, तिच्यावर आपली नावंही येतील, माझाही विरोध नाही. माझी विनंती एवढीच की कमान थोडी लहान करू या. त्यातला दीड लाख बाजूला काढून शाळेतल्या मुलांच्या कुटुंबांसाठी अनामत निधी ठेवू या. आपल्या शाळेतली मुलं आता कुठून येतात ते मुख्याध्यापकांना विचारा. वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बायकांची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं आहेत. एखाद्या कुटुंबावर अशी वेळ आली तर पंधरा हजारांची अनामत बिनव्याजी द्यायची, जमेल तशी परत घ्यायची. एका वेळी दहा कुटुंबांना पुरेल, आणि पैसा परत आला की पुढच्या दहांना. काही बुडेल. बुडालं तर मी आणि ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणी दरवर्षी तूट भरून काढू, हा शब्द देते. हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर मी करून देईन, ते एक तरी मला येतं.

आणि शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे. सर, बाई, तुम्ही आता निवृत्त झालात, पण तुमचे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, या सभागृहातच सातजण आहेत. अचानक लवकर यायला लागलेलं मूल, पावसात कोरडं येणारं मूल, सगळी पुस्तकं रोज दप्तरात घेऊन फिरणारं मूल, वर्गात झोपणारं मूल दिसलं तर रागावण्याआधी एकदा बाजूला घ्या. वयाचा पुरावा नाही, दाखला नाही, म्हणून शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही, हे ऑफिसातल्या कारकुनांनाही सांगा. मतदार यादीतसुद्धा बेघर माणसाचं नाव येऊ शकतं. तो जिथं झोपतो म्हणतो, तिथं अधिकाऱ्यानं रात्री जाऊन खात्री करायची असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. सरकारनं फूटपाथला पत्ता मानलाय, मग शाळेला काय हरकत आहे?

आणि एखादी आई दाखला मागायला आली, तर सही करण्याआधी विचारा, “का?” ती पहिल्यांदा खोटं सांगेल. माझ्या आईनंही सांगितलं होतं. तुम्ही जरा वेळ गप्प बसा.

मामा, तुम्ही त्या सतरा दिवसांत रोज पहाटे सहाला दारावर हलकेच टकटक करायचात आणि म्हणायचात, “ताई, उठा, बेल व्हायची वेळ झाली.” साडेसहाच्या आत आवरायची अट होती, पण तुम्ही एकदाही “आवरा” म्हणाला नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला तो फरक कळला होता, मामा. अजून लक्षात आहे.

कार्यक्रमानंतर मला ती खोली बघायचीय. मुख्याध्यापक म्हणाले, आता तिथं कॉम्प्युटर लॅब आहे. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याबरोबर या. आणि येताना कमानीचं मापही ठरवून या.